ओढत्या गरीची बांधणी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढल्या की डागडुजीबरोबर नवी कामेही निघतात. यंदाच्या पत्रांत सर्वांत जास्त प्रश्न ट्रोलिंगचे होते, म्हणजे चालत्या बोटीमागे गऱ्या ओढत सुरमई, कुपा (ट्यूना) धरण्याच्या साधनांचे. दोन वाचकांनी ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग एकच धरले आहे, ते आधी दुरुस्त करू. ट्रॉलिंगमध्ये तळावरून किंवा मधल्या पाण्यातून जाळे ओढतात. ट्रोलिंगमध्ये जाळे नसते, नुसती दोरी, तंगूस (नायलॉनची एकेरी पारदर्शक दोरी) आणि गरी असते. खाली सगळीकडे ट्रोलिंग हा शब्द याच अर्थाने आहे.

प्रश्न (देवगड): माझी ३२ फुटी फायबरची बोट आहे, रुंदी साडेआठ फूट, इंजिन आत बसवलेले डिझेल. जाळे टाकायला जाता-येता चार गऱ्या ओढाव्यात असा विचार आहे. गऱ्या बोटीपासून लांब धरणाऱ्या बाजूच्या काठ्या स्वतः बसवता येतील का? काठी कशाची, किती लांब आणि बोटीवर कुठे?

उत्तर: बसवता येतील. पण काठी विकत घ्यायच्या आधी बोटीच्या आत उतरून काठाखालचा भाग हाताने चाचपून बघा. काठीला येणारा ताण फायबरच्या पातळ कातडीवर न येता बोटीच्या हाडांवर, म्हणजे वाक (बोटीच्या फासळ्या), आडवी भिंत किंवा काठाखालची लाकडी पट्टी यांवर गेला पाहिजे. जागा ठरवण्याचा निकष हाच.

तुमच्या बोटीत ती जागा मध्याच्या थोडी पुढे येईल, नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) साधारण १४ फुटांवर. तिथे आडवी भिंत असेल तर तिच्या रेषेतच पाया घ्या, चार-सहा इंच पुढेमागे झाले तरी चालेल. पाया फार मागे घेतला तर गऱ्या पंख्याच्या फेसात येतात. फार पुढे घेतला तर पुढच्या तणाव्याला (काठी ताणून धरणाऱ्या दोराला) नाळेवर पुरेसा कोन मिळत नाही.

लांबी १६ फूट, म्हणजे ५ मीटर, पुरे. काम करताना काठी आडवीपासून ४० अंश वर ठेवायची. मग टोक बोटीच्या काठापासून ३.८ मीटर बाहेर आणि काठापेक्षा ३.२ मीटर उंच राहते. ३० अंशांवर टोक आणखी अर्धा मीटर बाहेर जाते, पण २५ अंशांचा हेलकावा बसला की ते पाण्याला टेकायला येते. टोक पाण्यात शिरले की बोटीच्या वेगाने काठी मागे पिळली जाते. काठ्या मोडतात त्या बहुतेक अशाच.

काठी कशाची? सिंधुदुर्गात माणगा मिळतो, तो सर्वांत सोयीचा. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे वाकतो पण फुटत नाही. बुंध्याशी दीड ते दोन इंच जाडीचा, तीन वर्षांच्या पुढचा, थंडीत तोडलेला आणि सावलीत उभा करून दोन महिने वाळवलेला घ्या. पावसात तोडलेला ओला बांबू लावू नका. त्यात पिष्ट जास्त असते, भुंगेरा लागतो आणि दिवाळीपर्यंत आतून पीठ झालेले असते. पेरांवर नायलॉनचा सुतळीसारखा धागा घट्ट गुंडाळून रेझिन पाजा, बाकी काठीला वॉर्निशचे तीन हात द्या. बुंध्याची आणि टोकाची कापलेली तोंडे रेझिनने बंद करायला विसरू नका, पाणी तिथूनच शिरते. माणगा नसेल तर ॲल्युमिनियमचा ४० मिमी पाइप चालतो. दीड इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मात्र घेऊ नका. मीटरला साडेतीन किलोच्या आसपास म्हणजे एका काठीला १८ किलो लोखंड उंचावर जाते आणि बोट जास्त डुलते.

आता तणावे. प्रत्येक काठीला तीन लागतात: एक वर, कॅबिनच्या छतावरच्या मजबूत खांबाला, एक पुढे, नाळेच्या खुंट्याला, एक मागे, मागच्या कोपऱ्याला. तिन्ही काठीच्या दोन तृतीयांश उंचीवर, बुंध्यापासून ३.३ मीटरवर बांधा. पुढचा आणि मागचा तणावा बोटीवर काठाच्या पातळीला, म्हणजे खालीच बांधायचा. कारण हेलकाव्यात काठी खाली जाते तितकीच वर उसळते, आणि वर उसळू न देण्याचे काम हे दोन खालचे तणावेच करतात.

पुढचा तणावा नाळेलाच का, हे आकड्यांत पाहा. गरीला ४० किलोची ओढ आली आणि ती काठीच्या टोकाला पोचली, तर दोन तृतीयांशवर बांधलेल्या तणाव्याला मागे जाणारी ६० किलोची ओढ थोपवावी लागते. तणावा नाळेपर्यंत नेला तर त्यात सुमारे ८५ किलो ताण येतो. तोच तणावा सोयीसाठी पायापासून एक मीटर पुढे काठावरच बांधला तर ताण २०० किलोच्या घरात जातो, आणि तेवढ्याच जोराने काठीचा बुंधा बोटीच्या काठात दाबला जातो. मासा तोच, काठी तीच, फक्त बांधायची जागा बदलली. यातले आकडे संथ ओढीचे आहेत, झटक्याला ते वाढतात.

दोर ८ मिमी पॉलिएस्टर. त्याची तुटण्याची ताकद साधारण हजार किलो असते आणि तो ताणत नाही. नायलॉन ताणतो, म्हणून तणाव्याला नको. निळा-हिरवा पीपी दोर उन्हात एका हंगामात कुजतो.

पाया बसवणे: दोन दिशांना फिरणारा बिजागर लागतो, म्हणजे काठी वर-खालीही होईल आणि पुढे-मागेही. तो ३१६ प्रतीच्या स्टेनलेसमध्ये करून घ्या. ३०४ स्वस्त असते, पण खाऱ्या पाण्यात त्याला बारीक खड्डे पडतात, तेही सीलंटखाली, नजरेआड. चार बोल्ट, १० मिमी, तेही ३१६. आतल्या बाजूने १८ मिमी मरीन प्लायची ३० बाय २० सेंटिमीटरची पाटी लावा, ती सगळ्या बाजूंनी रेझिनने मढवून घ्या आणि तिच्याखाली ६ मिमीची स्टेनलेस पट्टी द्या. नुसते मोठे वॉशर पुरत नाहीत.

भोक पाडताना जागेवर चिकटपट्टी लावा आणि गुळगुळीत पृष्ठभागाचे पहिले अर्धे मिलिमीटर ड्रिल उलटे फिरवून कापा, नाहीतर जेलकोट तारकांसारखा तडकतो. भोक ११ मिमीचे ठेवा आणि त्याच्या वरच्या कडेला थोडा उतार द्या. त्या उतारात पॉलियुरेथेन सीलंटची कडी बसते, पाणी तीच अडवते. सिलिकॉन इथे टिकत नाही. बोल्ट पहिल्या दिवशी हाताने आवळा, सीलंट दुसऱ्या दिवशी घट्ट झाला की पान्याने अर्धा फेरा द्या. पहिल्याच दिवशी जोर लावला तर सीलंट सगळा बाहेर येतो आणि आत कोरडे धातू-फायबर उरते. ॲल्युमिनियमची काठी असेल तर तिच्या आणि स्टेनलेसच्या मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबराची पट्टी घाला. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडते.

प्रश्न (वेंगुर्ले): काठ्या बसवल्या. आता दोरी, तंगूस, तार, रबर यांची जोडणी कशी करायची? एका माहीतगाराने सगळीकडे जाड दोरी वापरायला सांगितले, म्हणजे काहीच तुटणार नाही.

उत्तर: हा सल्ला मोडा. कुठेतरी तुटलेच पाहिजे, आणि ते कुठे हे आपण ठरवायचे. सगळे जाड असेल आणि गरी तरंगत्या ओंडक्याला किंवा दुसऱ्याच्या जाळ्याला अडकली, तर बोटीचे सगळे वजन काठीवर येईल. म्हणून सर्वांत कमजोर भाग गरीजवळची तार ठेवायची, ४० किलोची. वरच्या हिशोबातले ४० किलो तेच.

काठीच्या टोकापासून जोडणी अशी. आधी रबर: ट्रकच्या ट्यूबच्या २ सेंटिमीटर रुंद पट्ट्या, तीन पदरी, ६० सेंटिमीटर लांब. रबराच्या सोबत सव्वा मीटरची ६ मिमी दोरी सैल बांधा. रबर दुप्पट ताणले की ती ताठ होते, म्हणजे रबर तुटले तरी दोर जात नाही. ही दोरी विसरणारे पुष्कळ, आणि उन्हात रबर सहा महिन्यांत चिरते. रबराच्या शेवटी स्विव्हल (पीळ सोडवणारी फिरती कडी) असलेला पक्का चाप.

चापाच्या पुढे १५ मीटर वेणीची ४ मिमी पॉलिएस्टर दोरी. हाताला ती कापत नाही, तंगूस कापते. मग १५ मीटर तंगूस, १.२ मिमी. मग बॉल-बेअरिंगचा स्विव्हल. साधा पितळी स्विव्हल ओढीखाली फिरतच नाही, पीळ तंगूसमध्ये जातो आणि तासाभरात त्याच्या गुठळ्या होतात. शेवटी ४५ सेंटिमीटर एकेरी स्टेनलेस तार, ०.५ मिमी, आणि गरी.

तारेची गाठ मारत नाहीत, ती पिळतात. गरीच्या डोळ्यातून तार घालून दोन्ही पदर एकमेकांवर सहा-सात वेढे मोकळे पिळा, मग मोकळे टोक उभ्या तारेभोवती चार-पाच वेढे अगदी चिकटून घ्या. टोक पकडीने कापू नका, पुढे-मागे वाकवून मोडा. कापलेले टोक सुरीसारखे राहते आणि मासा बोटीत घेताना तळहात फाडते. मोकळे वेढे कमी घेतले की तार ओढीला सरकून सुटते, बहुतेकांची सुटते ती इथेच.

तार फक्त सुरमईसाठी, कारण तिचे दात तंगूस कात्रीसारखे कापतात. कुप्यासाठी तार काढा. कुप्याची नजर तीक्ष्ण असते, तार दिसली तर तो गरीमागे येतो आणि वळतो. त्याला तंगूसच, पण १ मिमीचे, म्हणजे कमजोर भाग शेवटीच राहतो.

टोकाची गरी बोटीशी कशी आणायची? चापालाच ४ मिमीची ९ मीटर ओढदोरी बांधा, तिचे दुसरे टोक मागच्या कोपऱ्याच्या खुंटीला सैल. मासा लागला की ओढदोरी ओढून चाप हातात घ्यायचा आणि मग मुख्य दोरी. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. मागच्या फळीवर दोन्ही बाजूंना एकेक धारदार सुरी म्यानात खोचलेली हवी.

प्रश्न (श्रीवर्धन): चार गऱ्या वळताना एकमेकांत गुंततात. दोन बाजूंना काठ्या असूनही असे का होते?

उत्तर: चारही दोऱ्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या खोलीवर असणार. बाहेरच्या लांब आणि वर, आतल्या आखूड आणि खोल, असे ठेवा. काठीच्या टोकाच्या ३० ते ३५ मीटर, पाण्याच्या वरच्या थरात. मागच्या कोपऱ्यांवरच्या १२ ते १५ मीटर, त्यांना दीड किलोचे शिसे. शिशापासून गरीपर्यंत किमान ६ मीटर तंगूस ठेवा, नाहीतर मासा शिशालाच बिचकतो. असे ठेवले की बाहेरच्या गरीचा मासा आत ओढताना आतल्या दोऱ्यांवरून निघून जातो.

वळताना आतल्या बाजूची दोरी सैल पडते, गरी बुडते आणि मागून येणाऱ्या दोरीला जाऊन धरते. म्हणून वळण मोठे घ्या, शंभर मीटर पसरटपणे, आणि वेग कमी करू नका. एकदम वळायचेच असेल तर ज्या बाजूला वळायचे तिकडची कोपऱ्याची दोरी आधी बोटीत घ्या. इंजिन रिव्हर्समध्ये टाकायचे नाही, हे खलाशाला आधीच सांगून ठेवा. पंख्यात गेलेली ४ मिमी दोरी शाफ्टवर वितळून बसते आणि तेलाच्या सीलचे नुकसान होते.

प्रश्न (मालवण): मासा लागतो, दोन-तीन झटके देतो आणि सुटतो. वाकटी लावतो तेव्हा तर अर्धी कापून नेतो.

उत्तर: अर्धी वाकटी गेली म्हणजे तो मासा सुरमईच. ती आमिष आधी शेपटीकडून कापते आणि मग तुकडा उचलायला परत येते. एकच गरी डोक्याशी असेल तर ती तिच्या तोंडात जातच नाही. दुसरी गरी तारेच्या तुकड्याने जोडून शेपटीपासून तीन-चार बोटांवर आणा. वाकटी सरळ, न फिरता पोहली पाहिजे: बोटीच्या कडेला दोन मीटर दोरीवर ओढून बघा. फिरत असेल तर बहुधा मागची तार आखूड झाली आहे आणि आमिष कमानीसारखे वाकले आहे. वाकटीचे तोंड पातळ तांब्याच्या तारेने शिवून बंद करा, पाणी आत शिरले की ती फुगून फाटते.

सुटण्याची इतर कारणे, आम्ही ज्या क्रमाने तपासू त्या क्रमाने. पहिले, गरीची धार: नखावर टेकवल्यावर गरी घसरली तर ती बोथट आहे. गरी रोज सकाळी कानशीने घासायची. दुसरे, रबर फार कडक: हाताने ओढल्यावर ६० सेंटिमीटरचे रबर वीतभरही ताणत नसेल तर एक पदर काढा, नाहीतर झटक्यात सुरमईचे नाजूक तोंड फाटते. तिसरे, मासा लागताच इंजिन बंद करण्याची सवय. दोरी सैल पडली की गरी निखळते. वेग निम्म्यावर आणा, शून्यावर नाही.

प्रश्न (सातपाटी): वेग किती ठेवावा? बोटीवर जीपीएस आहे, पण एकाच आकड्यावर एक दिवस मासे लागतात, दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

उत्तर: जीपीएस जमिनीवरचा वेग सांगते, गरीला मात्र पाण्यातला वेग कळतो. भरती-ओहोटीचा प्रवाह दीड नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असेल तर जीपीएसवर ५ दिसताना पाण्यात तुम्ही साडेतीनवर किंवा साडेसहावर असता. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर प्रवाह जोराचे असल्याने हा फरक तुम्हाला जास्त जाणवेल.

पाण्यातला वेग मोजायला नारळाची सोडण पुरते. नाळेवरून ती बाजूला टाका आणि मागच्या फळीपाशी पोचेपर्यंतचे सेकंद मोजा. ३२ फुटी बोटीला ४.७ सेकंद लागले तर ४ नॉट, ३.८ लागले तर ५, ३.२ लागले तर ६ नॉट. तीनदा मोजून सरासरी घ्या. बोटीची लांबी वेगळी असेल तर मीटरमधल्या लांबीला सेकंदांनी भागा आणि येणाऱ्या आकड्याची जवळजवळ दुप्पट करा.

मेलेल्या वाकटी-बांगड्याला ३ ते ४ नॉट, पोहणाऱ्या प्लास्टिकच्या माशाला आणि चमच्याला ४ ते ६, कुप्यासाठी पिसांच्या किंवा म्हाकुलासारख्या झालरीच्या आमिषाला ६ ते ७. शिसे लावलेली दोरी वेग वाढला की वर येते. वेग दुप्पट झाला तर पाण्याची ओढ चौपट होते, म्हणून ४ नॉटवर खोल चालणारे शिसे ६ वर जवळजवळ पृष्ठभागाला येते. खोली टिकवायची असेल तर शिसे वाढवण्यापेक्षा वेग कमी करणे बरे.

इंजिन मंद गतीवर ५ च्या खाली जात नसेल तर मागे दोन बादल्या ओढा, एकेका कोपऱ्याला एक, दोर आखूड, पंख्यापासून लांब. डिझेल इंजिन तासन्‌तास मंद चालले की काजळी धरते. दर दोन-तीन तासांनी गऱ्या बोटीत घेऊन दहा-पंधरा मिनिटे ते भाराखाली चालवा.

प्रश्न (हर्णे): गेल्या वर्षी बसवलेल्या काठीच्या पायाभोवती फायबरला बारीक चिरा पडल्या आहेत आणि बोल्टखालून तांबूस पाणी गळते. वरून रेझिन लावले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. चिरा म्हणजे पायाखालची जागा दबते आहे. तांबूस पाणी म्हणजे आतले प्लाय कुजायला लागले आहे किंवा बोल्ट गंजतो आहे. पाया काढा आणि भोकातून सुई घालून बघा. प्लाय मऊ लागले तर ते सगळे काढावे लागेल.

चिरलेला भाग निरोगी थरापर्यंत घासून काढा. कडेचा उतार जाडीच्या बारापट पसरट हवा: ६ मिमी जाडीला भोवताली ७ सेंटिमीटर. घाईत लोक उतार अर्धाच ठेवतात आणि नवा थर पुढच्या हंगामात टोपणासारखा सुटून येतो. भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा. काचतंतूच्या ४५० ग्रॅमच्या चटईचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो, म्हणजे सहा थर. एका वेळी दोनच घाला, नाहीतर रेझिन तापून तडकते.

हार्डनर किलोमागे १० ते २० मिली, उन्हाच्या दिवशी कमी. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारे द्रावण) आधीच घातलेले नसेल आणि तुम्हालाच घालायचे असेल, तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर सरळ एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो आणि स्फोटही होतो. दोघांची मापे, चमचे, बाटल्या वेगळ्या ठेवा. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हार्डनरची बाटली उघडू नका, एक थेंब डोळा घालवू शकतो. दमट हवेत पॉलिएस्टर रेझिन चिकट राहते, म्हणून हे काम जुलैत उघड्यावर करू नका. ताडपत्रीखाली दोन बल्ब लावून जागा उबदार आणि कोरडी होत असेल तर करा, नाहीतर उघडीप होईपर्यंत थांबा.

नंतर पाया पूर्वीच्याच भोकांवर न बसवता आतल्या पाटीसह नव्याने बसवा. पाटी नसणे हेच चिरांचे मूळ होते, असे तुमच्या वर्णनावरून दिसते.

प्रश्न (विजयदुर्ग): आंग्रिया बँकेवर (समुद्रात बुडालेल्या प्रवाळी उंचवट्यावर) ट्रोलिंगसाठी जाता येईल का? बोट ३६ फुटी आहे, वेग ६ नॉट.

उत्तर: आंग्रिया बँक विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटर आहे, म्हणजे ५७ सागरी मैल. ६ नॉटने एका बाजूला साडेनऊ तास. जाण्यायेण्याचे १९ तास धरले आणि त्यावर निम्मी शिल्लक ठेवली तर साडेअठ्ठावीस तासांचे डिझेल बरोबर हवे, वर ट्रोलिंगचे तास वेगळे. दोन बोटी मिळून जा. एकाच इंजिनावर, एकट्याने तिथे जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. त्याआधी किनाऱ्याजवळची, पाण्याची खोली एकदम बदलते अशी जागा शोधा. सुरमई आणि कुपा उताराच्या कडेला फिरतात, म्हणून बारा वावाचे (वाव म्हणजे सहा फूट) पाणी एकदम अठरा होते अशा रेषेवर, रेषेला समांतर ओढा. पहाटे उजाडताना आणि सूर्य मावळताना तासभर, हीच उत्तम वेळ.

प्रश्न (अलिबाग): ट्रोलिंगसाठी वेगळा परवाना लागतो का?

उत्तर: राज्याच्या हद्दीतली मासेमारी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली येते. परवान्यावर मासेमारीचा प्रकार लिहिलेला असतो, म्हणून साधन बसवण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे जाऊन नोंद कशी करायची ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पावसाळी बंदीत यंत्राच्या बोटीला गरी ओढायलाही समुद्रात जाता येत नाही. कासव गरीला लागले तर दोरी ओढून त्याला उचलू नका. जवळ घ्या, गरी दिसत असेल तर पकडीने तिचा काटा कापून काढा, गिळलेली असेल तर तंगूस तोंडाजवळ कापा.

प्रश्न (देवगड, दुसरे पत्र): समुद्रात नेण्याआधी बांधणी तपासायची कशी?

उत्तर: धक्क्यावर. बोट पाण्यात आणि दोन्ही बाजूंनी बांधलेली असावी. काठी ४० अंशांवर लावा, सगळे तणावे आवळा. काठीच्या टोकातून एक दोर मागे नेऊन धक्क्यावरच्या कप्पीवरून खाली सोडा आणि त्याला २० लिटरचे पाण्याने भरलेले दोन कॅन लटकवा. ही झाली ४० किलोची ओढ, तीही मागच्या दिशेने, जशी समुद्रात येईल तशी. नुसते कॅन टोकाला लटकवून काही कळत नाही, त्याने फक्त वरचा तणावा तपासला जातो.

पंधरा मिनिटे तसेच ठेवा. एकाने आत उतरून पाटीवर टॉर्च मारावा, दुसऱ्याने पायाजवळ हात ठेवावा. करकर ऐकू आली, पाटीच्या कडेला पांढरी रेष उमटली किंवा काठ बोटाला आत जाताना जाणवला, तर समुद्रात न्यायचे नाही. मग कॅन एक हात वर उचलून सोडा, दोनदा. हा झटका. त्यानंतर बोल्ट पुन्हा तपासा, बहुतेक वेळा एखादा पाव फेरा आणखी घेतो. पहिल्या फेरीनंतर आणि मग दर महिन्याला हीच तपासणी करा.

पहिल्या दिवशी शांत समुद्रात, दोनच गऱ्या घेऊन, दिवसाउजेडी जा. बोट लाटेला आडवी वळवून, बाजूने लाट घेऊन, काठी किती डुलते ते बघा. टोक पाण्यापासून हातभर अंतरावर येत असेल तर वरचा तणावा आखडून कोन ४५ अंशांवर न्या. परतताना खाडीच्या तोंडाला पोचण्याच्या अर्धा मैल आधीच काठ्या उभ्या करून खांबाला बांधा, पिन आणि कॉटर जागेवर असल्याची खात्री करा. खाडीच्या तोंडाच्या वाळूच्या पट्टीवर लाटा फुटत असताना काठी उचलायला माणूस काठावर उभा करायची वेळ येऊ देऊ नका.